एलके-९९ खोटं निघालं, मग कॅन्सरच्या ट्रायलच्या बातमीवर विश्वास ठेवायचा का?

प्रश्न वाचला. नंतर येणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडतो. तुझ्या मामांना तोंडाचा कॅन्सर आहे, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, तारीखही मिळालीय, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाटा हॉस्पिटलच्या कमी डोसच्या इम्युनोथेरपीची (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधाची) बातमी फिरतेय, ती वाचून मोठी माणसं म्हणतायत की ऑपरेशन थांबवू, चेहरा बिघडवून घेण्यापेक्षा हे औषध घेऊ. तुझं म्हणणं असं की २०२३ मध्ये एलके-९९ या सुपरकंडक्टर म्हणवणाऱ्या पदार्थाचा एवढा गाजावाजा झाला आणि महिनाभरात सगळं फुस्स, तेव्हा ही बातमी पण तसलीच असणार. माझं मत सांगतो: बातमी खरी आहे, पण ती मामांसारख्या पेशंटबद्दल नाहीये. ते कसं, हे जरा सविस्तर लिहावं लागेल.

माझं शिक्षण सॉलिड स्टेट फिजिक्सचं, सुरुवातीची बरीच वर्षं कमी तापमानाची मापनं करण्यात गेली, नंतर क्लिनिकल ट्रायलच्या डेटाच्या कामात आलो तो अजून तिथेच आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे मामांनी काय घ्यावं हे मी सांगणार नाही, पेपरमध्ये काय बघायचं तेवढं सांगतो. वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

आधी एलके-९९. २२ जुलै २०२३ ला कोरियातल्या ग्रुपने अर्काइव्ह या साइटवर पेपर टाकला, म्हणजे कोणी तपासायच्या आधीच सगळ्यांसाठी खुला. शिसं, फॉस्फेट आणि त्यात थोडं तांबं असलेला पदार्थ, आणि दावा असा की साध्या हवेच्या दाबाला, थेट १२७ अंश सेल्सिअसपर्यंत हा सुपरकंडक्टर आहे, म्हणजे रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) शून्य; एरवी असं फक्त अतिशय थंडीत होतं. सोबत चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याचा व्हिडिओ. रेसिपी सोपी होती, भट्टी आणि थोडी रसायनं असली की कोणीही करून बघू शकत होतं, आणि लोकांनी तेच केलं. दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीने बनवून बघितलं, सुपरकंडक्टिव्हिटी दिसली नाही. पेकिंग युनिव्हर्सिटीच्या ग्रुपने दाखवलं की ते अर्धवट तरंगणं साध्या फेरोमॅग्नेटिझमनेही, म्हणजे लोखंडासारख्या चुंबकत्वानेही होतं. अमेरिकेत इलिनॉयचे केमिस्ट प्रशांत जैन यांच्या लक्षात आलं की रेझिस्टन्स जिथे धाडकन खाली येतो ते साधारण १०४-१०५ अंश सेल्सिअस तापमान आपल्या ओळखीचं आहे, कॉपर सल्फाइडची रचना नेमकी तिथेच बदलते, आणि कोरियन रेसिपीत कॉपर सल्फाइडची भेसळ उरतेच. चायनीज अकादमीच्या लोकांनी कॉपर सल्फाइड घेऊन मोजलं तर त्यात तशीच घसरण मिळाली. शेवटी स्टुटगार्टच्या मॅक्स प्लँकमध्ये भेसळ नसलेले स्वच्छ क्रिस्टल वाढवले गेले, ते निघाले जांभळट, पारदर्शक आणि रेझिस्टन्स लाखो ओहममध्ये, म्हणजे चक्क इन्सुलेटर, वीज वाहूच न देणारा.

आता यातून तू 'रिसर्चवर विश्वास नको' असा निष्कर्ष काढलास. मला यात उलट दिसतं. चार देशांतल्या लोकांनी स्वतःचं काम बाजूला ठेवून, फुकटात, काही आठवड्यांत एक दावा तपासला, आणि नुसतं 'नाही' म्हणून थांबले नाहीत, मूळ ग्रुपला तसं का दिसलं असेल त्याचं कारणही शोधून दिलं. मला तर तो महिना फार आवडला होता, रोज रात्री नवीन पेपर वाचत बसायचो.

रेझिस्टन्स मोजताना गडबड कशी होते ते जवळून बघ. नमुन्यावर सिल्व्हर पेस्टने चार बारीक तारा चिकटवतात. बाहेरच्या दोन तारांतून करंट सोडायचा, आतल्या दोन तारांवर व्होल्टेज वाचायचं, म्हणजे तारांचा आणि जोडाचा स्वतःचा रेझिस्टन्स मधे येत नाही. पण नमुना थंड करताना त्याला बारीक तडा गेला, किंवा आत चांगली वाहणारी भेसळ असली, की करंट आतल्या दोन तारांना बगल देऊन भलत्याच वाटेने जातो, आणि मीटरवर व्होल्टेज शून्य दिसतं. पदार्थ अगदी साधा असतो आणि स्क्रीनवर आकडा सुपरकंडक्टरचा. म्हणूनच नुसत्या शून्य रेझिस्टन्सवर कोणी समाधानी होत नाही, नमुना चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतोय का, म्हणजे माइसनर परिणाम दिसतोय का, आणि तोही त्याच तापमानाला का, हे लगेच विचारलं जातं. आणि दुसऱ्या लॅबमध्ये, दुसऱ्या माणसाने बनवलेल्या नमुन्यात तेच मिळतंय का, हेही.

मोठ्या जर्नलमध्ये आलं म्हणजे झालं असंही नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर युनिव्हर्सिटीच्या रंगा डायस यांच्या ग्रुपचे रूम टेम्परेचर सुपरकंडक्टरचे दोन पेपर, २०२० चा आणि २०२३ चा, दोन्ही नेचरमध्ये आले, दोन्ही तिथेच मागे घेतले गेले. २०१८ मध्ये बंगळुरूच्या आयआयएससीतून सोन्या-चांदीच्या नॅनोकणांमध्ये २३६ केल्विनला (सुमारे उणे ३७ अंश सेल्सिअस; शून्य केल्विन म्हणजे उणे २७३) सुपरकंडक्टिव्हिटी दिसल्याचा दावा आला, तेव्हा एमआयटीच्या ब्रायन स्किनरने त्या आलेखातल्या दोन वेगळ्या मापनांमधले बारीक चढउतार, ज्याला आपण नॉइज म्हणतो, ते एकमेकांशी जुळतायत हे दाखवून दिलं. नॉइज दोनदा सारखा येत नाही, म्हणून तर तो नॉइज. निष्कर्ष सोडून आलेखातल्या थरथरीकडे बघणारी अशी माणसं असतात, त्यांच्यामुळे हे क्षेत्र टिकून आहे.

खरा शोध कसा येतो ते पण बघ. १९८६ मध्ये झुरिकच्या आयबीएममध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या एका ऑक्साइडमध्ये तीसेक केल्विनला सुपरकंडक्टिव्हिटीची चिन्हं दिसली, त्यांनी पेपरच्या शीर्षकातच ही 'शक्यता' आहे असं लिहिलं. त्याच वर्षी टोकियोच्या ग्रुपने ते पक्कं केलं, १९८७ च्या सुरुवातीला ह्यूस्टनच्या पॉल चू यांचा ग्रुप ९३ केल्विनला पोचला, आणि त्याच वर्षी बेडनॉर्झ-म्युलरना नोबेल. आपल्या मुंबईच्या टीआयएफआरने २०१६ च्या शेवटी अतिशुद्ध बिस्मथ ०.५३ मिलीकेल्विनला सुपरकंडक्टर होतो हे दाखवलं, बिस्मथकडून ही अपेक्षा कोणी फारशी ठेवलेली नव्हती, खूप मोठं काम आहे ते, पण व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलं नाही.

आता औषधांकडे. इथे 'दुसऱ्या लॅबमध्येही तेच मिळतंय का' हा फिजिक्सचा नियम अर्धाच लागू पडतो. स्वच्छ क्रिस्टल स्टुटगार्टला बनव नाहीतर दिल्लीला, तो सारखाच वागतो. क्वांटम हॉल परिणामात, म्हणजे अतिथंड पातळ थरावर जोरदार चुंबकीय क्षेत्र लावलं की, रेझिस्टन्स २५,८१२.८०७ ओहमला पूर्णांकाने भागून येणाऱ्या ठरावीक पायऱ्यांवरच येतो, नमुना कोणाचाही असो. माणसांचं तसं नाही. एकाच वयाचे, एकाच स्टेजचे दोन पेशंट, एक चार महिन्यांत जातो आणि दुसरा चार वर्षं काढतो, औषध कुठलंच न बदलता. म्हणून 'आमच्या शेजारच्या काकांना फरक पडला' याचा उपयोग नाही, आणि नुसतं 'शंभर जणांना दिलं, सत्तर बरे झाले' याचाही नाही, कारण न देता किती बरे झाले असते ते माहीत नाही. त्यासाठी तुलनेचा गट लागतो, आणि कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरने नाही, चिठ्ठीने ठरवावं लागतं. डॉक्टर कितीही प्रामाणिक असला तरी जरा धडधाकट पेशंट नकळत नव्या औषधाकडे सरकतो.

कोविडमधला प्लाझ्मा आठव. लोक रात्रभर डोनर शोधत होते, मी पण फोन फिरवलेत. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर ट्रायल केली होती, निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला: आजार गंभीर होणं किंवा २८ दिवसांत मृत्यू, प्लाझ्मा दिलेल्यांत १९ टक्के, न दिलेल्यांत १८ टक्के. काही फरक नाही. तरीही दुसऱ्या लाटेत तीच पळापळ झाली, सरकारी उपचारयादीतून प्लाझ्मा मे २०२१ मध्ये निघाला. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण उत्तर आपल्याच देशात, आपल्याच पेशंटनी दिलेलं होतं.

याउलट डेक्सामेथासोन. जुनं, अगदी स्वस्त स्टेरॉइड. ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. नुसता ऑक्सिजन चालू असलेल्यांत २६.२ वरून २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात १४ च्या जागी १७.८, म्हणजे फायदा तर नाहीच, कदाचित नुकसान. औषध तेच, डोस तोच, ट्रायल तीच. आपल्याकडे पहिल्या दिवसापासून घरच्या घरी स्टेरॉइड घेतलेल्या लोकांना 'स्टेरॉइडने जीव वाचतात' एवढीच ओळ पोचली होती.

आता मामांच्या ग्रुपवरची बातमी. ही ट्रायल मुंबईच्या टाटा मेमोरियलची, पेपर २०२२ मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत आला. १५१ पेशंट, डोक्या-मानेचा कॅन्सर पुढे गेलेला, आणि उपचार बरं करण्यासाठी नाही तर आयुष्य वाढवण्यासाठी आणि त्रास कमी करण्यासाठी चाललेला. एका गटाला तोंडाने घ्यायची तीन औषधं, मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब. दुसऱ्या गटाला तीच तीन, वर निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध २० मिलीग्रॅम दर तीन आठवड्यांनी. निवोलुमॅबचा नेहमीचा डोस २४० मिलीग्रॅम दर दोन आठवड्यांनी असतो, म्हणजे केवढा फरक आहे बघ, आणि पैशांचा फरकही तेवढाच. एक वर्षानंतर हयात असलेले पहिल्या गटात १६.३ टक्के, दुसऱ्यात ४३.४ टक्के. मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे पेशंट हयात असतात तो काळ, ६.७ महिन्यांवरून १०.१ महिने. गंभीर साइड इफेक्ट वाढले नाहीत. ज्या देशात पूर्ण डोस परवडणारे मूठभर आहेत तिथे हे काम सोन्यासारखं आहे, त्याला एलके-९९ च्या रांगेत बसवू नकोस, ही माझी तुला कळकळीची विनंती.

पण तेच आकडे घरच्यांना नीट वाचून दाखव. दहा महिने. ज्यांचं ऑपरेशन होऊ शकत नाही किंवा होऊन कॅन्सर परत आलाय अशा लोकांसाठी जवळपास साडेतीन महिने जास्त मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. मामांचं ऑपरेशन ठरलंय, याचा अर्थ डॉक्टरांना गाठ पूर्ण काढता येईल असं वाटतंय आणि ते बरं करायच्या हिशोबाने चाललेत. त्यांच्यासारखे पेशंट या ट्रायलमध्ये घेतलेलेच नव्हते. शिवाय तिथे कमी डोसची तुलना पूर्ण डोसशी केलेली नाही, ऑपरेशनशी तर नाहीच नाही.

कोणीतरी म्हणेल की ऑपरेशनवाल्यांनाही आता इम्युनोथेरपी देतात. बरोबर आहे. पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्याच दुसऱ्या औषधाची ७१४ पेशंटची मोठी ट्रायल झाली आणि २०२५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण ती पूर्ण डोसची, आणि औषध ऑपरेशनच्या आधी आणि नंतर. ऑपरेशन दोन्ही गटांच्या उपचारात होतंच. मामांना लागू पडेल का हे डॉक्टरांना जरूर विचार, त्यासाठी बायोप्सीच्या तुकड्यावर पीडी-एल१ या प्रथिनाची टेस्ट लागते.

टाटाचीच अजून एक बातमी फिरते, ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती भूल द्यायचं लिडोकेनचं इंजेक्शन. तीही खरी, ११ सेंटर, सुमारे १६०० बायका, पाच वर्षांनी हयात असलेल्या ८६.४ वरून ९०.१ टक्के. पण ती ब्रेस्ट कॅन्सरची आहे, तोंडाच्या कॅन्सरला ते आकडे लावू नका.

पेपर उघडलास तर एक गोष्ट नक्की बघ. जगण्याच्या आलेखाखाली आकड्यांची छोटी ओळ असते, त्या त्या महिन्याला किती पेशंट अजून हिशोबात उरलेत त्याची. आलेखाचं उजवं टोक दिसायला ऐटीत सपाट जातं आणि खाली बघावं तर तिथे पाच-सहाच माणसं उरलेली असतात. ते टोक दाखवून कोणी 'इतके टक्के बरे झाले' म्हणालं तर मान डोलवू नकोस. आमचा निम्मा वेळ त्या ओळीतच जातो, कोण गेलं, कोण गावी गेलं आणि फोन लागत नाही, कोणी मधेच औषध सोडलं, ते एकेक शोधण्यात. हरवलेले पेशंट कुठल्या गटात जास्त आहेत त्यावर सगळं फिरू शकतं. भारतातली ट्रायल असेल तर सीटीआरआयच्या, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीच्या साइटवर फुकट शोधता येते, सुरुवातीला काय मोजायचं ठरवलं होतं ते तिथे असतं, पेपरमध्ये तेच मोजलंय का हे ताडून बघ.

घरच्यांची भीती चेहऱ्याची आहे, तर त्यावर सरळ बोला. जबडा काढावा लागला तर पायातलं फिब्युला हाड, आणि गाल-जीभ असेल तर मांडीची किंवा मनगटाजवळची त्वचा घेऊन नवीन भाग करतात, त्याला फ्लॅप म्हणतात. ऑपरेशनच्या आधी प्लास्टिक सर्जनला भेटायला मागा, तसेच पेशंट आधी केले असतील तर त्यांचे फोटो दाखवतात. नंतर रेडिएशन लागेल का, गिळणं-बोलणं किती परत येतं, हेही विचारा. दुसरं मत घ्यायचं तर जरूर घ्या, फक्त ऑपरेशनची तारीख हातात ठेवून घ्या, कारण तोंडाची गाठ थांबत नाही, आणि आज काढता येणारी गाठ दोन-तीन महिन्यांनी काढता येईलच असं नाही.

स्टेज आणि गाठ नेमकी कुठे आहे ते इथे लिहिलंस तर वाचायला योग्य पेपर सुचवू शकेन. रिपोर्टचा फोटो टाकू नकोस, त्यावर मामांचं नाव आणि नंबर असतो.