वाचकांचे प्रश्न: चोर सुटून आला आणि परत चोरी केली, मग सुधारायचं कशाला?

प्रश्न: चार वर्षांपूर्वी आमच्या घरी चोरी झाली. चोर सापडला, शिक्षा भोगली, सुटला आणि सहा महिन्यांत दुसरीकडे घरफोडी करताना परत पकडला गेला. आणि आता जिकडे तिकडे वाचतोय की कैद्यांना शिकवा, काम द्या, त्यांचं पुनर्वसन करा. राग येतो हो. आमचं नुकसान झालं त्याचं काय? आणि असे लोक खरंच सुधारतात याला काही पुरावा आहे का?
– एक वाचक

उत्तर: तुमचा राग मला पटतो. पण तुमच्याच पत्रात बघा ना, तो माणूस जेलमध्ये जाऊन आला होता, ठरलेली शिक्षा त्याने भोगली होती, आणि तरी दुसऱ्या कुणाचं तरी घर फुटलंच. म्हणजे नुसतं कोंडून ठेवणं तर करून झालं होतं.

आणि हे त्या एका चोरापुरतं नाही. अमेरिकेत 2005 मध्ये 30 राज्यांतून सुटलेल्या कैद्यांवर सरकारनेच नऊ वर्षं लक्ष ठेवलं, त्यातले 68 टक्के तीन वर्षांच्या आत आणि 83 टक्के नऊ वर्षांत पुन्हा अटक झाले. नॉर्वेत सुटल्यावर दोन वर्षांत परत शिक्षा होणाऱ्यांचं प्रमाण साधारण 20 टक्के सांगतात. एकीकडे अटक मोजलीय, दुसरीकडे शिक्षा, त्यामुळे हे आकडे शेजारी ठेवून थेट तुलना करणं मला बरोबर वाटत नाही, पण नॉर्वे करतं काय ते समजून घेण्यासारखं आहे. तिथे स्वातंत्र्य काढून घेणं हीच शिक्षा, त्यावर आणखी हाल करायचे नाहीत, आतलं आयुष्य बाहेरच्यासारखंच ठेवायचं म्हणजे माणूस बाहेर आल्यावर गोंधळत नाही. हाल्डन हे 2010 मध्ये सुरू झालेलं कडक बंदोबस्ताचं जेल, तिथे खुनाची शिक्षा झालेले लोकही असतात, आणि ते स्वतः स्वयंपाक करतात, वर्कशॉपमध्ये काम शिकतात. पहारेकऱ्यांना किमान दोन वर्षांचं ट्रेनिंग असतं आणि कैद्याशी बोलणं, त्याच्या सुटकेनंतरची तयारी करून घेणं हाही त्यांच्या ड्युटीचाच भाग.

तुम्ही पुरावा विचारलात म्हणून सांगते, रँड या संशोधन संस्थेने 2013 मध्ये अमेरिकेतले बरेच अभ्यास एकत्र तपासले, तर आत शिक्षण घेतलेल्यांची परत गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता 43 टक्क्यांनी कमी दिसली, आणि शिक्षणावर खर्च केलेल्या एका डॉलरमागे पुढच्या तीन वर्षांत पुन्हा कैदेत ठेवण्याचे चार ते पाच डॉलर वाचतात असा त्यांचा हिशोब आहे. सगळे सुधारतात असं याचा अर्थ अजिबात नाही, काही माणसं खरंच धोकादायक असतात आणि त्यांना आतच ठेवावं लागतं, त्यात मला काही शंका नाही. पण बहुतेक कैदी कधी ना कधी सुटतातच, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सुटकेच्या दिवसाची. हातात कागदपत्रं नाहीत, राहायला जागा नाही, काम मागायला गेलं की आधी विचारतात जेलमध्ये होतास ना, घरचे दार उघडत नाहीत, मग त्याला ओळखणारे उरतात ते जुनेच साथीदार आणि ते मात्र लगेच हाक मारतात. आत सुतारकाम शिकवलं पण बाहेर कुणी कामावरच घेतलं नाही तर त्या शिकण्याचं करायचं काय?

आता तुमच्या नुकसानाचं. न्यूझीलंडने 1989 च्या कायद्याने अल्पवयीन गुन्हेगारांसाठी कुटुंब बैठक आणली, त्यात तो मुलगा, त्याच्या घरचे, पोलीस आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस असे सगळे एकत्र बसतात, तुमच्यासारखा माणूस त्याच्या तोंडावर सांगू शकतो की तू काय नेलंस आणि त्यानंतर आम्हाला झोप कशी लागत नव्हती, आणि भरपाई कशी करायची तेही तिथेच ठरवता येतं. मोठ्या माणसांच्या गुन्ह्यांतही अशी सोय असावी असं मला मनापासून वाटतं. तुमच्या केसमध्ये तुम्हाला त्याला एक प्रश्न तरी विचारता आला होता का?