मनाला शिकवून बीपी खरंच उतरतं का? मग गोळी सोडता येते का?

‘डॉक्टर टेन्शन घेऊ नका म्हणतात, पण ते कसं घ्यायचं नाही हे कुणी सांगत नाही,’ ही तुमची तक्रार वाचून हसू आलं. १६२/९८ आलं त्या दिवशी मलाही हेच ऐकवलं गेलं. घरी येऊन मी त्याचंच टेन्शन घेतलं.

आधी दुसरा प्रश्न. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. शवासनाच्या भरवशावर मी ११ दिवस केली होती. बाराव्या दिवशी बायकोने रिक्षा बोलावली, एवढं सांगितलं तरी पुरे.

पण बीपी उतरतं, हे खरं. मुंबईच्या केईएममधल्या डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी ४७ रुग्णांना शवासन शिकवून १९६९ साली निष्कर्ष छापले. बऱ्याच जणांचा दाब उतरला, काहींच्या गोळ्या कमी झाल्या, सगळ्यांच्या नाही. माझ्या मते उतार बेताचाच धरून चालावं.

मला शिकवणाऱ्या समुपदेशक बाईंनी ध्यानबिन नंतर, आधी वही दिली. वेळ, आकडा, आणि त्याआधी काय घडलं. मी ऑफिसला दोष देत होतो. दोन आठवड्यांनी वही बघतो तर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी आकडे चढलेले. ते आमच्या सोसायटीत टँकर यायचे वार, आणि सेक्रेटरी मी! मग शिकलो ते एवढंच: फोन वाजला की आधी जबडा बघायचा. दात आवळलेले असतातच. ते सोडायचे, खांदे खाली, श्वास सावकाश बाहेर, आणि चौथ्या रिंगला फोन उचलायचा. शिवाय रोज २० मिनिटं सावकाश श्वास, मिनिटाला साधारण सहा. पहिला महिना मी त्यात घोरतच होतो.

मोजायचीही शिस्त लागते. अर्धा तास आधी चहा नाही, पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, बोलायचं नाही. आमच्याकडे पट्टा फुगत असतानाच ‘किती आलं?’ विचारायची पद्धत होती. आणि दिवसातून नऊ वेळा मोजू नका, त्यानेच वाढतं.

वही बघून डॉक्टरांनी गेल्या वर्षी दुसरी गोळी बंद केली, पहिली चालू आहे. सेक्रेटरीपदाचा राजीनामाही दिलाय. कमिटीने अजून मंजूर केलेला नाही.