२१४७४८३६४७ ला खरंच कशानंच भाग जात नाही काय?

प्रश्न : माया पुतण्या बारावीत हाये, कॉम्प्युटर सायन्स घेतलं त्यानं. तो म्हणते का कॉम्प्युटरमधला मोठ्यात मोठा पूर्णांक २१४७४८३६४७ आहे आन तो मूळ संख्या बी आहे. मी म्हटलं, कॅल्क्युलेटर नव्हते तवा हे पाहिलं कोणं, एवढ्या आकड्याले भागत बसाले तं जल्म जाईन. आन कॉम्प्युटरवाल्यायनं मूळ संख्या पाहूनच हा आकडा घेतला काय?
– एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पुतण्या बरोबर बोलते, फक्त "३२ बिटच्या जागेत बसणारा" एवढं त्यात जोडून घ्या (बिट म्हणजे ० किंवा १ लिहायची एक जागा). तुमचा शेवटचा प्रश्न आधी उरकतो. ३२ पैकी एक बिट अधिक-उण्याच्या चिन्हात जाते, उरलेल्या ३१ जागी सगळे १ भरले की हाच आकडा येते, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. तो मूळ निघाला हा योगायोग. ६४ बिटमध्ये २ चा ६३ वा घात वजा १ येते, आणि त्याला तर ७ नं सरळ भाग जाते.

आता पाहिलं कोणी? ऑयलर नावाच्या गणितज्ञानं, १७७२ मध्ये, आणि तेव्हा त्याची नजर जवळपास गेलेली होती! वर्गमूळ ४६३४० च्या थोडं वर येते, म्हणजे तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं, पण त्यासुद्धा ४७९२ आहेत. तेवढे भागाकार त्याला करावेच लागले नाही. फर्मा या गणितज्ञाच्या प्रमेयातून एक नियम निघते: घाताचा आकडा विषम मूळ संख्या असेल तर अशा संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकातून १ वजा करा, उरलेल्याला त्या घाताच्या दुपटीनं भाग गेलाच पाहिजे. छोट्यावर करून पहा, २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ × ८९. एक वजा केला की २२ आणि ८८, दोघांनाही २२ नं भाग जाते.

आपल्या आकड्याला २२ च्या जागी ६२. वरून अजून एक अट, विभाजकाला ८ नं भागलं की बाकी १ नाहीतर ७ च यायला पाहिजे. दोन्ही अटी लावल्या की २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणारे आकडेच उरतात. वहीत लिहून काढा, ६३, २४९, ३११, ४९७, ५५९, असे. ६३ मूळ नाही, २४९ ला ३ नं भाग जाते, म्हणून पहिला खरा भागाकार ३११ चा, बाकी ३५ उरते. त्यानंतरचा उमेदवार थेट १३०३, मधले सगळे आपोआप गळतात. असे शेवटपर्यंत फक्त ८४ भागाकार, आणि एकही जुळत नाही. मला तर गणितात यापेक्षा सुंदर मेहनत-बचत दिसलेली नाही.

त्यानंतर कित्येक वर्षं माणसाला माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या हीच होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच जातीची, २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, अशी सापडली, तिच्यात ४१०२४३२० अंक आहेत.

पुतण्याला आता ८३८८६०७ द्या, म्हणजे २ चा २३ वा घात वजा १. मूळ आहे का, विचारा. दुप्पट ४६, तर पहिलाच उमेदवार ४७, आणि तिथंच भाग जाते.