‘मिसेस फँग’ हा माहितीपट बघवतो का? मरणाला टेकलेल्या बाईचं असं चित्रण योग्य वाटतं का?

बघाच, पण मन घट्ट करून. वांग बिंग यांच्या या चिनी माहितीपटाला २०१७ साली स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो चित्रपट महोत्सवात ‘गोल्डन लेपर्ड’ हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. अल्झायमर झालेली बाई, तिचे शेवटचे दिवस, बस्स. कॅमेरा बराच वेळ तिच्या चेहऱ्यावरच थांबतो: ओठ मागे ओढलेले, दात उघडे, डोळे टक्क उघडे. कळतंय का तिला काही? आपण तेच शोधत राहतो. खाटेभोवती नातेवाईक मोठ्याने बोलतात, पुरुष रात्री मासे धरायला जातात. मला यातला खरेपणा फार भिडला.

योग्य की अयोग्य? त्या अवस्थेत तिची संमती घेणं शक्यच नव्हतं, आणि ते मला अजून टोचतं. तरी कॅमेऱ्याच्या नजरेत कुठेही तिचा अपमान नाही.