बिल्ड पास, अ‍ॅप बंद: आधी बिल्डपॅक तपासा

तुम्ही हिरोकूवर (वेब अ‍ॅप चालवून देणारी क्लाउड सेवा) जँगोचं (पायथनची वेब चौकट) अ‍ॅप चढवलं, बिल्ड विनातक्रार झालं, पण उघडल्यावर एच10 (अ‍ॅप कोसळल्याची हिरोकूची खूण) आणि लॉगमध्ये ‘गनिकॉर्न: कमांड नॉट फाउंड’, म्हणजे जँगो चालवणारा सर्व्हरच सापडला नाही. तुमची पोस्ट इथवर वाचली तेव्हाच वाटलं की टेलविंडसाठीची (सीएसएसचं साधन) पॅकेज.जेसन, म्हणजे नोडच्या (जावास्क्रिप्टच्या) पॅकेजांची फाइल, रेपोच्या मुळाशी पडलेली असणार. तुम्ही दिलेल्या फाइलींच्या यादीत ती आहेच. गिट आणि प्रॉकफाइल तुम्हाला येतं असं धरून पुढचं लिहितो.

अ‍ॅप कोणत्या भाषेतलं हे ओळखताना हिरोकू तुमचा कोड वाचत नाही. बिल्डपॅक (कोडमधून चालतं अ‍ॅप तयार करणारा स्क्रिप्टचा संच) सांगितलेला नसेल तर अधिकृत बिल्डपॅक ठरलेल्या क्रमाने घेतले जातात आणि प्रत्येकाची बिन/डिटेक्ट ही छोटी स्क्रिप्ट चालते. ती मुख्यतः मुळाशी खुणेची फाइल आहे का एवढंच बघते. पहिला जो ‘हो’ म्हणतो त्याला काम मिळतं, बाकीच्यांना नाही. त्या क्रमात नोड पायथनच्या आधी येतो. त्यामुळे एनपीएमने (नोडची पॅकेजं बसवणारं साधन) आपलं काम केलं, बिल्ड पास झालं, आणि रिक्वायरमेंट्स.टीएक्सटीला (पायथनच्या पॅकेजांची यादी) हातही लागला नाही. मग गनिकॉर्न येणार कुठून?

लॉगमधला एक्झिट कोड (प्रोग्राम थांबताना देतो तो आकडा) 127 म्हणजे शेलला ती कमांड सापडली नाही. मेमरीचा प्रश्न असता तर आर14 (मेमरी मर्यादा ओलांडल्याची हिरोकूची खूण) दिसला असता. हे ठासून सांगतो, कारण मधल्या एका सेवा कंपनीच्या मदतकक्षाने (हिरोकूच्या नव्हे, नाव घेत नाही) नेमक्या याच लॉगवर आम्हाला मोठा डायनो (अ‍ॅप ज्यात चालतं तो हिरोकूचा कंटेनर) घ्यायला लावला. बिल वाढलं, 127 तिथेच. पैसे घेऊन मदत करणाऱ्याने निदान लॉग वाचावा, एवढी अपेक्षा चुकीची नाही. तुम्हालाही कुणी हाच सल्ला दिला तर आधी एक्झिट कोड दाखवा.

आता खरी मेख. पहिला पुश यशस्वी झाला की ओळखलेला बिल्डपॅक त्या अ‍ॅपला कायमचा चिकटतो. म्हणून पॅकेज.जेसन नंतर उडवली तरी तुमचं अ‍ॅप पायथनकडे वळणार नाही, उलट बिल्डच पडेल. आधी ‘हिरोकू बिल्डपॅक्स’ चालवून काय चिकटलंय ते बघा. मग ‘हिरोकू बिल्डपॅक्स:सेट हिरोकू/पायथन’ करा, त्याने पहिल्या जागेवरचा नोड बदलला जातो. त्यानंतर ‘हिरोकू बिल्डपॅक्स:अ‍ॅड --इंडेक्स 1 हिरोकू/नोडजेएस’. क्रम उलटा करू नका: पायथनचा बिल्डपॅक कलेक्टस्टॅटिक (सीएसएससारख्या फाइली एका जागी गोळा करणारी जँगोची कमांड) चालवतो, तेव्हा टेलविंडची सीएसएस आधी तयार हवी. ती पॅकेज.जेसनमधल्या ‘बिल्ड’ स्क्रिप्टमधून बनते, तर ती स्क्रिप्ट आहे ना तेही बघा. शिवाय यादीतला शेवटचा बिल्डपॅक अ‍ॅपचा मुख्य मानला जातो. बदल पुढच्या बिल्डलाच लागू होतो, म्हणून रिकामा कमिट करून पुन्हा पुश करा.

माझं मत विचाराल तर एकच भाषा असलेल्या अ‍ॅपलाही बिल्डपॅक लिहूनच द्यावा. रिव्ह्यू अ‍ॅप (पुल रिक्वेस्टसाठी बनणारं तात्पुरतं अ‍ॅप) वापरत असाल तर तीच यादी अ‍ॅप.जेसनमध्येही टाका, नाहीतर तिथे ओळखपरेड नव्याने सुरू होते. हे सगळं हिरोकूच्या जुन्या सीडर पिढीपुरतं. नव्या फिर पिढीत क्लाउड नेटिव्ह बिल्डपॅक आहेत आणि क्रम प्रोजेक्ट.टॉमलमध्ये लिहायचा असतो, तिथे यादी बदलणाऱ्या वरच्या कमांड कामाच्या नाहीत.

उद्या ‘भाषा ओळखता आली नाही’ अशी उलटी तक्रार आली, तर ‘गिट एलएस-फाइल्स’ चालवा. फाइल गिटइग्नोरमध्ये अडकलेली असते, सबफोल्डरमध्ये असते, किंवा नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल असतं. विंडोज आणि मॅक ते सहसा चालवून घेतात, लिनक्स घेत नाही. विंडोजवर नाव बदलायचं तर ‘गिट एमव्ही’ने बदला.

पुश झाल्यावर लॉगमध्ये ‘युजिंग बिल्डपॅक्स’खाली नोडजेएस, मग पायथन अशा दोन ओळी दिसल्या पाहिजेत. तसं नसेल तर लॉगचा तेवढा भाग इथे टाका, बघून सांगतो.