इंजिन निवडण्याआधी रोजचा रस्ता बघा

ब्रोशरमधला पॉवरचा आकडा बघून हुरळू नका. पेट्रोलमध्ये तो बहुधा ५,००० ते ६,००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आसपास मिळतो. मुलांना शाळेत सोडताना तिथवर कोण जातं? रोज कामी येतो टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, तोही खालच्या आरपीएमला मिळाला तर.

रोजचं धावणं आठ-दहा किलोमीटरचंच असेल तर डिझेलच्या नादी लागू नका. डीपीएफमधली, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली, काजळी जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीत ते टिकतच नाही. माझ्या आधीच्या गाडीत डीपीएफ तुंबल्याचा पिवळा दिवा लागला की जेवण झाल्यावर मी हायवेवर वीस मिनिटं उगाच हिंडून यायचो. बायको म्हणायची, "गाडीला शतपावली घालायला निघालात का?" लांबचे प्रवास भरपूर असतील तर मात्र डिझेलच घ्या.

टर्बो पेट्रोल (इंजिनात जादा हवा कोंबणारं) झकास पळतं, पण एकट्याने घेतलेली टेस्ट ड्राइव्ह फसवी. घरची सगळी मंडळी बसवा, एसी लावा, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचला. १,५०० आरपीएमखाली ती क्षणभर ढिम्म राहते, मग एकदम झेपावते. तो क्षण खटकला तर साधं पेट्रोल किंवा हायब्रिड (इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर) चालवून बघा. हायब्रिडची खरी बचत गर्दीत होते, हायवेवर फार नाही.