मधल्या पोझिशनला क्लीन आवाज बारीक होतोय? ॲम्पला दोष देण्याआधी हे करा

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय की दोन हमबकरची (म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपची) गिटार पाहिली, ड्राइव्हवर, म्हणजे फाटक्या आवाजात, दणदणीत वाजली, क्लीनवर, म्हणजे साध्या आवाजात, दोन्ही पिकअप (तारांची कंपनं पकडणारे चुंबकी भाग) एकेकटे ठीक वाटले, पण स्विच मधे ठेवला की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. विक्रेता म्हणतो की दोष ॲम्पचा आहे, बिनधास्त घ्या. घेऊ नका. निदान खालची एक चाचणी केल्याशिवाय तरी नाहीच. अगदी हाच आवाज मी ऐकलाय आणि अगदी हेच उत्तर मलाही मिळालं होतं.

स्विच मधे ठेवा, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार मोकळी छेडा. मग एकाच पिकअपचा व्हॉल्यूम थोडासा, दहावरून आठ-सातपर्यंत, खाली आणा. व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज उलट भरदार झाला, खर्ज परत आला, तर दोन्ही पिकअप एकमेकांच्या विरुद्ध फेजमध्ये, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या उलटा येईल असे, जोडलेले आहेत. नीट जोडलेल्या गिटारवर असं होत नाही. एका पिकअपचं वजन कमी होतं आणि रंग थोडा बदलतो, इतकंच. गिटारला दोघांत मिळून एकच व्हॉल्यूम असेल तर ही चाचणी जमणार नाही. मग तिन्ही पोझिशनला तीच जाड तार त्याच जोराने छेडून पाहा. मधली पोझिशन दोन्ही टोकांपेक्षा ठळकपणे हळू आणि नाकातली वाटली तर संशय पक्का समजा.

कारण सोपं आहे. जाड तारेची मूळ कंपनं दोन्ही पिकअपवर जवळपास एकाच वेळी एकाच दिशेने जातात. एका पिकअपचा सिग्नल उलटा असेल तर ती कंपनं एकमेकांना खोडतात आणि वरच्या स्वनितांचा (मूळ सुरासोबत वाजणाऱ्या उंच सुरांचा) उरलेला फरक तेवढा ऐकू येतो. ड्राइव्ह लावला की ॲम्प हळू सिग्नल वर उचलतो आणि स्वतःची स्वनितं भरतो, त्यामुळे ही पोकळी झाकली जाते. म्हणून दुकानात सगळे ड्राइव्हवर वाजवतात तेव्हा दोष कळत नाही. घरी क्लीनवर कॉर्ड वाजवला की कळतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. काही गिटारांत नॉब वर ओढला की फेज मुद्दाम उलटते किंवा हमबकरची एक कॉइल बंद होते. आधी सगळे नॉब खाली दाबलेले आहेत का ते बघा. दुसरं, तीन सिंगल कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपच्या गिटारवर दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनचा जो पोकळ, टणत्कारी आवाज येतो त्याला पुष्कळ जण ‘आउट ऑफ फेज’ म्हणतात, पण ते तसं नसतं. ते दोन पिकअप समांतर आणि एकाच फेजमध्ये जोडलेले असतात, आणि तो आवाज हवाच असतो. त्यावरून गिटार नाकारू नका.

आता माझं सांगतो, कारण तुमचं प्रकरण पुढे त्याच वाटेने जाईल अशी मला भीती आहे. माझी गिटार नवी होती, पण ब्रिजचा (घोडीजवळचा) पिकअप विक्रेत्यानेच दुसऱ्या कंपनीचा बसवून दिला होता. घोटाळा इथेच होतो. पिकअपच्या तारांच्या रंगांचा सगळ्या कंपन्यांना मिळून एक संकेत नाही. एका कंपनीचा ‘गरम’, म्हणजे सिग्नल नेणारा, रंग दुसरीकडे जमिनीला (ग्राउंडला) जातो. जोडणाऱ्याने दोन्ही कंपन्यांचे नकाशे समोर ठेवले नाहीत तर फेज उलटायला कितीसा वेळ लागतो?

मी गिटार त्यांच्या दुरुस्ती विभागात नेली. त्यांनी ती ठेवून घेतली, कित्येक आठवडे ठेवली आणि एका कागदासकट परत दिली. कागदावर तिन्ही पोझिशनचे ओहममधले आकडे होते आणि खाली ‘दोष आढळला नाही’. आकडे बरोबरच होते! त्या जातीच्या हमबकरला सात-आठ किलोओहम यायला हवेत, तसे आले होते. मधल्या पोझिशनला समांतर जोडणीमुळे रीडिंग निम्म्यावर येतं, तेही आलं होतं. पण रोधाला दिशा नसते. फेज सरळ असो वा उलटी, ओहम तेवढेच दिसतात. जी मोजणी हा दोष दाखवूच शकत नाही, तिच्यावरून त्यांनी दोष नाही असं लिहून दिलं. काउंटरवर मी म्हटलं, ॲम्पला लावून मधल्या पोझिशनला एक कॉर्ड वाजवू या. तर तिथे ॲम्पच नव्हता. गिटार दुरुस्तीच्या विभागात ॲम्प नाही!

दुसऱ्यांदा नेली तर ‘हा या गिटारचा स्वभावच आहे’ असं ऐकवलं. वर फ्लीटवुड मॅक बँडचा गिटारवादक पीटर ग्रीन याचं उदाहरण दिलं. पीटर ग्रीनच्या लेस पॉल गिटारचा मधल्या पोझिशनचा आवाज प्रसिद्ध आहे हे खरं. त्यातल्या एका पिकअपचं चुंबक उलटं असल्याने तो तसा येतो आणि त्या हातात तो अप्रतिम लागतो. पण तो आवाज ज्याला हवा आहे त्याने मागून घ्यावा. मी मागितला नव्हता. खरा फटका पुढेच होता. गिटार त्यांच्याच कपाटात पडलेली असताना परतीची मुदत संपली, आणि मुदत खरेदीच्या तारखेपासून मोजतो म्हणून त्यांनी हात वर केले. शेवटी बाहेरच्या एका तंत्रज्ञाने काट्याचा मीटर लावला, एकेका पिकअपच्या खांबाला स्क्रूड्रायव्हर टेकवून ओढून घेतला. एकाला काटा उजवीकडे गेला, दुसऱ्याला डावीकडे. दोन तारांची अदलाबदल केली आणि काम झालं. मी अजूनही तीच गिटार वाजवतो आणि मधली पोझिशन आता माझी सगळ्यात आवडती आहे. त्या विभागाचा राग मात्र गेलेला नाही.

म्हणून दुरुस्तीला काहीही ठेवताना पावतीवर लिहून घ्या की गिटार त्यांच्याकडे आहे तोवर मुदत थांबेल. आणि तक्रार ‘आवाज बरोबर नाही’ अशी लिहू नका. ‘मधल्या पोझिशनला एक व्हॉल्यूम कमी केला की खर्ज वाढतो’ असं लिहा. ते वाक्य टाळता येत नाही.

बाकी क्लीन पारखण्याबद्दल तुम्ही विचारलंय. माझी मतं ठाम आहेत, कोणाची वेगळी असतील. डिजिटल ॲम्पच्या ‘क्लीन’ प्रीसेटवर अजिबात विश्वास ठेवू नका. त्यात रिव्हर्ब, कॉम्प्रेसर (आवाजाचा चढउतार सपाट करणारा), कधी कोरससुद्धा, असे इफेक्ट गुपचूप चालू असतात. सगळं बंद करायला सांगा. कॉम्प्रेसर चालू असताना स्वराची आस किती आहे, म्हणजे तो किती वेळ टिकतो, ते कळतच नाही. नॉब सगळे मध्यावर ठेवले म्हणजे ॲम्प तटस्थ झाला असंही नाही. फेंडरच्या धाटणीच्या ॲम्पमध्ये तसं केलं तरी मिड (मधल्या पट्टीचे सूर) खालीच राहतात, तिथे मिड चढवा आणि ट्रेबल उतरवा. दोन गिटारांची तुलना करताना कानाला दोन्ही सारख्याच जोरात येऊ द्या. जी जरा जोरात वाजते ती चांगली वाटते, आणि हळू आवाजात कानाला खर्ज कमीच ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे 1933 मध्येच मोजून दाखवलंय.

केबल स्वतःची न्या. लांबलचक केबलमुळे वरचा चकाकता भाग खाली येतो आणि गिटार उगाच मंद वाटते. तारा जुन्या असतील तर नव्या घालून मागा. नाही म्हणाले तर निदान त्या मंदपणाचा दोष पिकअपला देऊ नका.

पिकअपची उंची स्क्रूने बदलते, तेव्हा तेवढ्यासाठी गिटार सोडू नका. फार वर असलेल्या सिंगल कॉइलचं चुंबक जाड तारांना ओढतं आणि वरच्या फ्रेटवर स्वर डळमळतो, तो थोडा खाली उतरवला की शांत होतो. व्हॉल्यूम सहावर आणल्यावर ट्रेबल उडतो, तेही छोट्या कपॅसिटरने सुधारतं. मृत जागा मात्र सुधारणं अवघड. तिसऱ्या तारेवर पाचव्या ते आठव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर छेडून तो विझेपर्यंत ऐका. एखादा शेजाऱ्यांपेक्षा फारच लवकर विझला आणि तुमची बरीचशी वाजवणी तिथेच असेल तर दुसरी गिटार बघा. हे सगळं पॅसिव्ह पिकअपबद्दल आहे. बॅटरीवाल्या ॲक्टिव्हला केबलचा आणि चुंबकाचा मुद्दा फारसा लागू नाही.

आणि हो, मी तंत्रज्ञ नाही, सोल्डरिंग आयर्न फक्त स्वतःच्या गिटारवर चालवतो. तरी एक सांगून ठेवतो. चाचणीत खर्ज परतला तर पैसे देण्याआधी फेज नीट करून मागा, आणि कसं करणार तेही विचारा. पिकअपमधून चार रंगीत तारा निघत असतील तर गरम आणि जमिनीच्या तारांची अदलाबदल पुरते. वेणीदार धातूच्या आवरणात एकच तार असेल तर तसं करू देऊ नका, कारण मग ते आवरणच ‘गरम’, म्हणजे सिग्नलची तार, होतं आणि हात लागला की घरघर वाढते. तिथे चुंबक काढून उलटं बसवावं लागतं, आणि ते काम कोण करणार हे तुम्हाला नावानिशी कळलं पाहिजे.